पत्रा कापण्याची कात्री

कात्री म्हटली कीं शिंप्याचें दुकान डोळ्यांपुढें येतें. परंतु आपल्या घरांतील धान्याची कोठी, रॉकेल ओतण्याचें नरसाळें, केर भरण्याची सुपली आणि छपराची पन्हळ यांचा जन्म निराळ्याच कात्रींतून होतो. ती पत्रा कापण्याची कात्री होय. ती कशी निवडावी व कशी चालवावी हें सांगण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे. या बाबतींत आमच्या हातून एकदां चूक घडली व तिचें मोल आमच्या एका विद्यार्थ्यास द्यावें लागलें, हें त्याचें कारण.

कांहीं वर्षांपूर्वीं उद्योगाच्या तासाला इयत्ता नववींतील एक मुलगा जस्ती पत्र्याचें नरसाळें करीत होता. नरसाळ्याचा पत्रा उघड्या पंख्याच्या आकाराचा कापावा लागतो. त्याची बाहेरची कड मोठ्या कमानीची व आंतली लहान कमानीची असते. त्या वेळीं सरळ पात्यांची एकच कात्री मोकळी होती. "सर, हिनें चालेल काय?" असें त्यानें विचारलें, व आम्हीं घाईनें "चालेल" म्हटलें. आंतल्या कमानीवर सरळ पातें वळेना. पत्रा अडकला, मुलानें जोर केला, कात्री निसटली आणि पत्र्याची ताजी कड त्याच्या डाव्या तळहातांत शिरली. तीन टाके घालावे लागले. दोष मुलाचा नव्हता. त्यानें योग्य प्रश्न विचारला होता. उत्तर आम्हीं विचार न करतां दिलें होतें.

कात्री ही दोन तरफांची जोडी आहे. मधला खिळा हा टेकू, मूठ हें बल लावण्याचें ठिकाण, आणि पात्यांतील पत्रा हा भार. म्हणूनच शिंप्याच्या कात्रीचीं पातीं लांब असतात, तर या कात्रीचीं पातीं आंखूड व मुठी लांब असतात. समजा, हात खिळ्यापासून २० सेंटिमीटरवर आहे. पत्रा खिळ्यापासून ४ सेंटिमीटरवर धरला तर हाताचा जोर पांचपट होतो. तोच १० सेंटिमीटरवर, टोकाकडे, धरला तर अवघा दुप्पट. म्हणून जाड पत्रा पात्यांच्या घशांत खोल सारावा. मात्र जोर पुरत नाहीं म्हणून मुठीस नळी जोडूं नये, कीं तिजवर हातोडी मारूं नये. त्यानें खिळा सैल होतो किंवा पातें तडकतें. जोर न पुरणें याचा अर्थ एवढाच कीं, ती कात्री त्या पत्र्याची नव्हे.

तेव्हां निवड करतांना पहिला प्रश्न पत्र्याच्या जाडीचा. बाजारांत जाडी गेजमध्यें सांगतात, आणि येथेंच नवशिके फसतात. कारण गेजचा आंकडा जसजसा वाढतो तसतसा पत्रा पातळ होतो. ब्रिटिश मापाप्रमाणें २६ गेजचा पत्रा सुमारें ०.४६ मिलिमीटर, २२ गेजचा ०.७१ मिलिमीटर व १८ गेजचा १.२२ मिलिमीटर जाड असतो. साध्या हातकात्रीस मऊ पोलादाचा साधारण २२ गेजपर्यंतचा पत्रा झेपतो. दुहेरी सांध्याच्या कात्रीस, जोर दोन ठिकाणीं वाढत असल्यामुळें, १८ गेजपर्यंतचा झेपतो. स्टेनलेस स्टील अधिक चिवट. त्याची मर्यादा पुष्कळ कमी धरावी.

दुसरा प्रश्न रेषेचा. सरळ रेषेस व फार मोठ्या कमानीस सरळ पात्यांची कात्री पुरते. लहान कमानीस वांकड्या पात्यांचीच हवी. दुहेरी सांध्याची कात्री मूळ विमानांचा पत्रा कापण्यासाठीं निघाली. तिच्या मुठींच्या रंगांत एक संकेत आहे: पिवळी सरळ कापते, हिरवी उजवीकडे वळत जाते व तांबडी डावीकडे. पुष्कळांस वाटतें कीं हिरवी उजव्या हाताच्या माणसाची व तांबडी डावखुऱ्याची. तसें नव्हे. रंग हाताचा नाहीं, वळणाचा आहे. घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरत चकती कापावयाची तर हिरवी घ्यावी, उलट दिशेनें तर तांबडी.

आतां प्रत्यक्ष काम. प्रथम पोलादी टोकानें रेघ स्पष्ट ओढावी. मग रेघेबाहेर तीन-चार मिलिमीटर सोडून ओबडधोबड कापून घ्यावें व नंतर रेघेवर यावें; बाजूची पट्टी अरुंद राहिली म्हणजे ती सहज वळते आणि कात्रीस वाट मिळते. पातीं पूर्ण मिटूं नयेत. टोकें मिटण्यापूर्वींच कात्री पुढें सारावी. नाहीं तर प्रत्येक ठिकाणीं कडेला कुसळासारखें अणकुचीदार टोक राहतें. पत्र्याच्या मध्यें भोंक पाडावयाचें असल्यास आधीं छिन्नीनें किंवा सामत्यानें छिद्र करून तेथून पातें आंत घालावें. या कात्रीनें तार किंवा खिळा कधींही तोडूं नये. धारेस खांच पडते, आणि ती खांच पुढें प्रत्येक पत्र्यावर उमटते. काम संपतांच पातीं पुसून खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडावा.

हाताची काळजी ही शेवटची गोष्ट नव्हे, पहिली होय. नुकता कापलेला पत्रा सुरीसारखा असतो. जाड हातमोजे घालावेत, डोळ्यांवर चष्मा असावा, पत्रा धरणारा हात पात्यांच्या वाटेंत नसावा, आणि कापून होतांच कडा कानशीनें घासून घ्याव्यात. इतकें करूनही जखम झालीच तर ती वाहत्या पाण्यानें व साबणानें धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयीं डॉक्टरांस विचारावें. हळद दाबून घरीं बसूं नये. पालकांसही विनंती कीं, मुलाला घरीं पत्रा कापावयाचा असेल तर स्वयंपाकघरांतील कात्री त्याच्या हातीं देऊं नये.

त्या मुलाचा हात बरा झाला, व त्यानें तें नरसाळें वांकड्या पात्यांच्या कात्रीनें पुरें केलें. तेव्हांपासून आमच्या उद्योगशाळेंत कात्री हातीं घेणारा प्रत्येक विद्यार्थी तीन प्रश्नांचीं उत्तरें मोठ्यानें देतो: पत्रा किती जाड? रेषा कशी? दुसरा हात कोठें? उत्तरें ऐकल्यावांचून आम्ही "चालेल" म्हणत नाहीं.