हवी तशी घडवता येणारी चिप आणि खुले ग्राफिक्स कार्ड

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग पडद्यापर्यंत पोहोचवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते; परंतु त्याच्या अंतर्रचनेची माहिती उत्पादक बहुधा गुप्त ठेवत असल्याने, लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींसाठी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि प्रणाली यांच्यातील दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली, लिहिणे दीर्घकाळ कठीण राहिले. यावर उपाय म्हणून, आराखडा सर्वांसाठी खुला असलेले ग्राफिक्स कार्ड घडवण्यासाठी, २००४ मध्ये टिमोथी मिलर यांच्या पुढाकाराने ‘ओपन ग्राफिक्स प्रोजेक्ट’ सुरू झाला. नवी चिप कारखान्यात तयार करण्याचा खर्च प्रचंड असतो आणि एकदा तयार झालेल्या चिपमधील चूक सहसा दुरुस्त करता येत नाही, म्हणून या प्रकल्पाने ‘ओजीडी-१’ या विकासकार्डासाठी एफपीजीए निवडले. एफपीजीए ही अशी चिप असते, की तिच्यातील छोटे तर्कघटक आणि त्यांच्यातील जोडण्या वापरणाऱ्याला पुन्हा पुन्हा हव्या तशा जुळवता येतात. १९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीने आणलेल्या एक्ससी-२०६४ या चिपमध्ये असे केवळ ६४ घटक होते. एकाच कामासाठी घडवलेल्या चिपच्या तुलनेत एफपीजीए मंद चालते आणि वीजही अधिक खाते, हे खरे. तथापि ज्या यंत्राचा आराखडा कोणालाही वाचता, तपासता आणि सुधारता येतो, तेच यंत्र खऱ्या अर्थाने वापरणाऱ्याच्या मालकीचे असते.