ज्या टेकडीपाशी दिवस थांबला

आयर्लंडच्या पूर्व भागातून वाहत जाऊन ड्रॉहेडा शहरापलीकडे समुद्राला मिळणारी बॉइन नदी विस्ताराच्या मानाने सामान्यच म्हणावी लागेल. परंतु इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने त्या बेटाचे भूवर्णन लिहिले तेव्हा तिचे नाव त्याने ‘बुविंदा’ असे नोंदविले, आणि भाषापंडित त्याचा अर्थ ‘शुभ्र धेनू’ असा लावतात. गाईला आयरिश भाषेत ‘बो’ म्हणतात, आणि हा ‘बो’ आपल्या ‘गो’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. ही शुभ्र धेनू म्हणजेच बोअन नावाची देवी.

सेगश नावाच्या एका गूढ कुंडाभोवती नऊ हेझल वृक्ष होते, त्यांची फळे पाण्यात पडत, आणि त्या कुंडात जगाचे सारे ज्ञान साठलेले होते. मात्र तिथे जाण्याची मुभा बोअनचा पती नेख्तन आणि त्याचे तीन सेवक यांनाच होती. बोअनने तो निर्बंध मोडला आणि कुंडाभोवती तीन वेळा अपसव्य प्रदक्षिणा घातली, तोच पाणी उसळले, तीन लाटांनी तिचा पाय, डोळा आणि हात हिरावून घेतले, आणि ती समुद्राच्या दिशेने पळत सुटली असता पाणी तिच्या मागोमाग धावत गेले. ज्या वाटेने ती धावली ती वाट म्हणजे आजचे नदीपात्र.

अशा कथांचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच आयरिश भाषेत आहे. त्याला ‘दिनशनखस’ म्हणतात, आणि ‘स्थलपुराण’ याहून त्याला नेमका प्रतिशब्द मला सुचत नाही. टेकडी, ओढा, उतार, दलदल, कोणतेही स्थळ असो, त्याचे नाव कसे पडले याचा दाखला देणाऱ्या ह्या गद्यपद्य कथा बाराव्या शतकातील ‘लेन्स्टरचे पुस्तक’ या हस्तलिखितात संगृहीत झाल्या आहेत, आणि त्या मुखोद्गत असणे हे तेथील कवींच्या शिक्षणाचे अंगच होते. ज्याला मुलखाची नावे ठाऊक नाहीत त्याला कवी म्हणून दरबारात मान नव्हता.

बॉइनच्या एका वळणावर न्यूग्रेंज नावाचे प्रचंड मानवनिर्मित टेकाड आहे. जुन्या आयरिश वाङ्मयात हे स्थान ‘ब्रू’, म्हणजे प्रासाद, म्हणून प्रसिद्ध आहे. देवांमध्ये श्रेष्ठ असा दाग्दा बोअनवर अनुरक्त झाला. ह्या कथेत तिच्या पतीचे नाव एल्कमार आहे. त्याला दाग्दाने एका कामगिरीवर धाडले आणि अशी माया पसरली की रात्रीचा काळोख त्याला जाणवू नये आणि नऊ महिने एका दिवसासारखे सरावेत. त्या ‘एका दिवसात’ एंगस हा पुत्र जन्मला. पुढे मोठा झाल्यावर एंगसने तो प्रासाद ‘दिवस आणि रात्र’ एवढ्याच मुदतीसाठी मागून घेतला, आणि मुदत संपताच दावा मांडला की दिवस आणि रात्र यांखेरीज काळात दुसरे आहेच काय. तेव्हा ताबा कायमचाच त्याचा ठरला! काळाशी खेळणारी ही कथा नेमकी ह्याच टेकाडाला चिकटावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

कारण हे टेकाड काळाचे भान ठेवूनच बांधलेले आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 3200 वर्षे, म्हणजे मिसरच्या पिरॅमिडांच्याही आधी, शेतकरी समाजाने ते उभारले. त्याचा व्यास सुमारे 85 मीटर, भोवती 97 धोंड्यांचे कडे, आत 19 मीटर लांबीची अरुंद वाट, आणि तिच्या शेवटी चुन्याविना एकावर एक पुढे सरकवत रचलेल्या शिळांचे छत, जे आजही गळत नाही. कॉर्क येथील प्राध्यापक मायकेल ओकेली यांनी 1962 साली येथे उत्खनन आरंभिले, तेव्हा प्रवेशद्वाराच्या वर एक विचित्र गवाक्ष त्यांना आढळले. वर्षातून कधीतरी सूर्य आतल्या शिळेला उजळतो अशी वदंताही गावकऱ्यांकडून कानी येत होती. 21 डिसेंबर 1967 रोजी, वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या पहाटे, ते एकटेच आत अंधारात उभे राहिले. सूर्य उगवला, गवाक्षातून किरणांची बारीक रेघ जमिनीवरून सरकत गर्भागारापर्यंत पोचली, आणि सुमारे 17 मिनिटांनी पुन्हा काळोख झाला.

तेथून दोनच किलोमीटरवर डाउथ नावाचे दुसरे टेकाड आहे. त्याचे स्थलपुराण अधिक दारुण. ब्रेसल नावाच्या राजाने स्वर्गाला भिडणारा मनोरा एका दिवसात उभारण्यासाठी देशभरचे लोक जमविले. काम पुरे होईपर्यंत दिवस मावळू नये म्हणून त्याच्या बहिणीने मंत्राने सूर्य रोखून धरला. परंतु राजाने तिच्याशीच निषिद्ध संग केला, मंत्र भंगला, एकाएकी रात्र पडली आणि माणसे घरोघर निघून गेली. ‘डाउथ’ म्हणजे काळोख. 2020 साली डब्लिनच्या संशोधकांनी न्यूग्रेंजमधील एका पुरुषाच्या अस्थींतील वंशद्रव्य तपासले, तेव्हा त्याचे आईबाप सख्खी भावंडे, अथवा एक दुसऱ्याचे अपत्य, असल्याचे दिसून आले.

ह्या योगायोगाने अंगावर काटा येतो. तथापि पाच हजार वर्षांची अखंड स्मृती येथे जिवंत होती असे ठामपणे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. टेकाडे बांधणारे लोक आणि आयरिश भाषा बोलणारे लोक यांच्यामध्ये सहस्रावधी वर्षांचे अंतर आहे, आणि मधल्या काळात बेटावरची वस्तीही बहुतांशी पालटली. परंतु नव्याने आलेल्यांनी ह्या वास्तू परक्या मानल्या नाहीत, हे मात्र निश्चित. न्यूग्रेंजच्या दारापुढे रोमन काळातील सोन्याची नाणी वाहिलेली सापडली आहेत. पराभूत देव टेकड्यांच्या पोटात राहावयास गेले, ही त्यांची श्रद्धा इतकी दृढ होती की ‘शी’ हा एकच शब्द टेकाडालाही लागला आणि आत राहणाऱ्या अदृश्य लोकांनाही. आणि त्या लोकांच्या भयाने शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कोटांवर नांगर घातला नाही. पुराणवस्तू खाते जन्माला येण्याच्या कितीतरी आधी हे संरक्षण कथेनेच केले.

त्याच डिसेंबरच्या दिवशी, न्यूग्रेंजमधला प्रकाश विझल्यानंतर काही तासांनी, कलता सूर्य डाउथच्या दक्षिणेकडील दालनात शिरतो, मागील शिळांवर थोडा वेळ रेंगाळतो, आणि मग ज्या नावाने त्या टेकाडाला ओळखतात ते तिथे उतरते.