योहान क्रायफ: मोकळ्या जागेचा शोध
अ‍ॅम्स्टरडॅममध्ये १९४७ साली जन्मलेल्या योहान क्रायफ यांनी मैदानातील मोकळ्या जागेकडे पाहण्याची नवी दृष्टी फुटबॉलला दिली आणि खेळाडू व प्रशिक्षक या दोन्ही भूमिकांत ती सिद्ध करून दाखवली. प्रशिक्षक रिनुस मिखेल्स यांनी आयाक्स संघात रुजवलेल्या ‘टोटल फुटबॉल’चे, म्हणजे एक खेळाडू पुढे सरकला की त्याची जागा दुसऱ्याने तत्काळ घ्यायची या पद्धतीचे, ते प्राण होते आणि आयाक्सने १९७१ ते १९७३ सलग तीनदा युरोपियन चषक जिंकला. १९७४ च्या विश्वचषकात डच संघाकडून स्वीडनविरुद्ध खेळताना त्यांनी पास देण्याचा आविर्भाव करून चेंडू स्वतःच्याच टेकलेल्या पायामागून ओढला आणि उलट दिशेने वळून बचावपटूला चकवले. ही हुलकावणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून २-१ अशी हार पत्करावी लागली, तरी त्या डच संघाचा खेळ चिरस्मरणीय ठरला. पुढे बार्सिलोनाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी चेंडू आपल्या ताब्यात राखण्याचे तत्त्व दृढ केले, १९९२ मध्ये क्लबला पहिला युरोपियन चषक मिळवून दिला, आणि त्याच संघातील पेप गार्डिओला यांनी प्रशिक्षक झाल्यावर हा वारसा समर्थपणे पुढे नेला.