विवरणपत्रांतील तफावत : कराचा भार कोणावर?

१ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजेच खरेदीवर दिलेल्या कराची विक्रीवरील करातून मिळणारी वजावट, हा या करप्रणालीचा कणा आहे. समजा, एका व्यापाऱ्याने एक लाख रुपयांचा माल १८ टक्के कर देऊन घेतला व १ लाख २० हजारांना विकला. विक्रीवरील कर २१,६०० रुपये होतो. त्यातून आधी दिलेले १८,००० रुपये वजा जाता शासनाला ३,६०० रुपये देय राहतात.

विक्रेता जीएसटीआर-१ मध्ये विक्रीचा तपशील देतो. त्यावरून खरेदीदाराचे जीएसटीआर-२बी विवरण तयार होते. खरेदीदार वजावट घेतो ती जीएसटीआर-३बी मध्ये. विक्रेत्याने बीजक नोंदवले नाही, तर या दोहोंत तफावत पडते. बीजक नोंदवूनही त्याने कर भरला नाही, तरी वजावट धोक्यात येते. कारण कर प्रत्यक्ष शासनाकडे जमा झालेला असणे ही कलम १६(२) मधील अट आहे. अशा वेळी खरेदीदाराला तेच १८,००० रुपये दुसऱ्यांदा, व्याजासह भरावे लागतात. लहान उद्योजकाचे खेळते भांडवल त्यात अडकते.

हा वाद मूल्यवर्धित कराच्या काळापासूनचा आहे. चंदीगड येथील पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घेरू लाल बाल चंद प्रकरणात हरियाणाच्या कायद्याचा अर्थ लावताना सांगितले की, फसवणूक वा संगनमत नसेल, तर विक्रेत्याच्या कसुरीचा भार प्रामाणिक खरेदीदारावर टाकता येणार नाही. उलट मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये महालक्ष्मी कॉटन प्रकरणात महाराष्ट्राच्या कायद्यातील कलम ४८(५) वैध ठरवले. वजावट ही कायद्याने दिलेली सवलत असून शासनाच्या तिजोरीत जमा झालेल्या करापुरतीच ती मर्यादित ठेवता येते, ही त्यामागील भूमिका होती.

नव्या करप्रणालीतही हे मतभेद मिटले नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने, विक्रेत्याविरुद्ध आधी कारवाई न करता खरेदीदाराची वजावट काढून घेणे अमान्य केले. त्याच महिन्यात पाटणा उच्च न्यायालयाने कर जमा होण्याच्या अटीवर भर देऊन खरेदीदाराची याचिका फेटाळली. दरम्यान, २७ डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाने २०१७-१८ व २०१८-१९ या वर्षांतील तफावतींसाठी विक्रेत्याचे किंवा सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र सादर करण्याची सोय केली. मात्र १ जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने बीजक नोंदवणे ही वजावटीची वैधानिक अटच झाली आहे.

मागणी आदेशाविरुद्ध नेहमीचा मार्ग कलम १०७ खालील अपिलाचा आहे. मुदत तीन महिने असून विवादित कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. अनुच्छेद २२६ अन्वये रिट याचिका प्रामुख्याने सुनावणीची संधी नाकारली जाणे, अधिकारकक्षेचा अभाव किंवा तरतुदीच्या वैधतेलाच आव्हान, अशा प्रसंगी विचारात घेतली जाते.

महसुलाचे रक्षण आवश्यकच आहे. परंतु विक्रेत्याची नोंदणी, त्याची विवरणपत्रे आणि वसुलीचे अधिकार ही सारी साधने शासनाच्या हाती असतात. खरेदीदाराच्या हाती असते केवळ बीजक. थकबाकीची जोखीम वाटताना हा फरक ध्यानात घेतला, तरच करप्रणालीवरील विश्वास टिकेल.