ऑर्ग चार्ट : पदांचा नकाशा अद्ययावत हवा
राणी चन्नम्मा यांचे जन्मगाव असलेल्या काकतीजवळ होनगा औद्योगिक वसाहत आहे. बेळगाव परिसर ओतकामाच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. अशा कारखान्यात रात्रपाळीला भट्टी बिघडली, तर निर्णय कोणी घ्यावा? याचे उत्तर ऑर्ग चार्टमध्ये, म्हणजेच पदरचनेच्या तक्त्यात असते.

असा आद्य तक्ता १८५५ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क अँड एरी रेल्वेचे अधीक्षक डॅनियल मॅककॅलम यांनी तयार करवून घेतला. वृक्षासारख्या त्या चित्रात संचालक मंडळ मुळाशी होते.

आता रेघा हाताने ओढाव्या लागत नाहीत. पदाचा क्रमांक, त्या पदावरील व्यक्ती आणि वरिष्ठाच्या पदाचा क्रमांक असे रकाने एक्सेलमध्ये भरले, की व्हिजिओसारखे सॉफ्टवेअर चौकटी आपोआप जोडते. मात्र चौकट व्यक्तीची नव्हे, पदाची असावी. पर्यवेक्षकाने नोकरी सोडली तरी पद उरते. ते ‘रिक्त’ दाखवून तात्पुरता कार्यभार कोणाकडे आहे, हे नोंदवता येते. अन्यथा प्रकल्प व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधील खरेदीची मंजुरी किंवा दुरुस्तीची सूचना नोकरी सोडलेल्याच्याच नावे जात राहते आणि काम खोळंबते.

प्रत्येकाला थेट वरिष्ठ एकच असावा व तो सलग रेघेने दाखवावा. प्रकल्पापुरत्या वरिष्ठासाठी तुटक रेघ पुरेशी आहे.

नेमणूक, बदली वा राजीनाम्याची नोंद त्याच दिवशी व्हावी, ते काम एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावे आणि तक्त्यावर तारीख असावी. तक्ता नसेल, तर माणूस निदान विचारपूस करतो. जुना तक्ता मात्र त्याला खात्रीने चुकीच्या दारी पाठवतो.