रिकाम्या प्लॉटवरचं गाजर गवत

पुण्याजवळच्या रहाटणीत पाऊस लागला की मोकळ्या प्लॉटवर, बांधकामाच्या राडारोड्यावर बारीक पांढरी फुलं डोलू लागतात. हेच गाजर गवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. मूळचं मेक्सिकोकडचं. पुण्यात ते १९५५मध्ये उकिरड्यावर आढळलं, १९५६मध्ये शास्त्रीय नोंद छापली गेली. त्याची पानं फस्त करणारा झायगोग्रामा भुंगेरा १९८०च्या दशकात मेक्सिकोहूनच आणला.

एका झाडाला हजारो बिया, आणि त्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. त्यांचा अभ्यास करणाऱ्याची पीएचडीची फेलोशिप मात्र फार तर पाच वर्षांची, आणि तेवढ्यात शोधनिबंधही छापून यायला हवेत. एकाच प्लॉटची वीस वर्षं मोजदाद करायला पैसा मिळत नाही, हे खरं दुखणं.

उपटायचं तर फुलं येण्याआधी, हातमोजे घालूनच. अंगाला खाज सुटते.