तारा त्याच, वाट निराळी



विजेवरचे व्याख्यान म्हटले की धरणाची किंवा अणूची गोष्ट ऐकायला मिळेल असे आपणांस वाटले असेल. परंतु माझे आयुष्य खांबावर चढणाऱ्या कामगारांच्या संघटनेत गेले. तेव्हा मी बोलणार आहे ते खांबावरच्या स्विचविषयी. तो कोठे जोडावा आणि कोठे तोडावा, एवढाच आजचा विषय.

उपकेंद्रातून ११ हजार किंवा २२ हजार व्होल्टची जी लाइन गावात येते, तिला फीडर म्हणतात. ती पेठापेठांतून जाते, रोहित्रांना वीज देते आणि रोहित्रे तो दाब उतरवून ती आपल्या घरी पाठवतात. शेजारच्या दोन फीडरांची टोके पुष्कळदा एका स्विचने जोडता येतात. पण तो स्विच एरवी तोडूनच ठेवलेला असतो. म्हणजे तारा पसरल्या आहेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या, पण वीज वाहते झाडातल्या रसासारखी: एक खोड, त्याच्या फांद्या आणि प्रत्येक पानाला एकच वाट.

असे का? एखाद्या ठिकाणी तार तुटली आणि तिला दोन्ही बाजूंनी वीज मिळत असली, तर नेमका तेवढाच तुकडा वेगळा काढणे अवघड आणि खर्चाचे होते. झाडाची रचना असली की वरच्या बाजूने तोडले, काम झाले.

आता थोडे गणित. तार तापते आणि त्या उष्णतेत वीज वाया जाते. ही गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की गळती चौपट. समजा, दोन सारख्या तारा आहेत. एकीतून ३०० अँपिअर जातात, दुसरीतून १००. तीनाचा वर्ग नऊ आणि एकाचा एक. गळती झाली दहा भाग. पहिलीवरचा १०० अँपिअरचा भार दुसरीवर वळवला, तर दोहींत २००-२०० होतात. चार आणि चार, म्हणजे आठ भाग. गळती पाचव्या हिश्श्याने घटली. नवी तार ओढली नाही, नवे रोहित्र बसवले नाही. एक स्विच जोडला आणि दुसरा तोडला. ही गळती शेवटी आपल्याच वीजबिलात येते, हे ध्यानात ठेवावे.

प्रत्यक्षात मात्र प्रश्न एवढा सोपा नसतो. केवळ २० स्विच धरले, तरी ते जोडण्या-तोडण्याचे १० लाखांहून अधिक प्रकार होतात. १९७५ साली मर्लिन आणि बाक या फ्रान्समधील अभियंत्यांनी एक युक्ती सुचवली. कागदावर आधी सर्व स्विच जोडा. मग ज्या वाटेने सर्वांत कमी प्रवाह जातो ती तोडा. जाळ्याचे पुन्हा झाड होईपर्यंत हेच करीत राहा. जिथून वीज फारशी जातच नाही, ती वाट तोडल्याने कोणाचे बिघडत नाही. पुढे १९८९ साली बारान आणि वू यांनी ३३ सांध्यांचे एक नमुना-जाळे मांडले. त्यात ३७ वाटा आहेत, पैकी ५ तोडलेल्या. मूळ रचनेत गळती सुमारे २०३ किलोवॅट; कोणत्या ५ वाटा तोडायच्या एवढेच बदलले, तर ती १४० किलोवॅटपर्यंत उतरते. शिवाय टोकाच्या घरचा दाब ९१ टक्क्यांवरून ९४ वर जातो. भार मात्र दुपारी निराळा आणि रात्री निराळा असतो, आणि स्विचही वापराने झिजतात. म्हणून अशी फेररचना तासातासाला न करता बेताने करावी लागते.

हे शास्त्र मी महाविद्यालयात शिकलो नाही. ते मला शिकावे लागले. आमचा एक सोबती परमिट घेऊन खांबावर चढला होता. उपकेंद्रातून फीडर बंद होता. पण तो तुकडा काही दिवसांपूर्वी शेजारच्या फीडरवर वळवला होता, आणि ती नोंद नकाशावर नव्हती. सोबती वाचला, त्याचा उजवा हात गेला. चौकशीत ठपका आला तो त्याच्याच निष्काळजीपणावर. त्याची बाजू मांडायची, तर वीज कोणत्या वाटेने आली हे मला सांगता यायला हवे होते. रात्री पुस्तके घेऊन बसलो तो तेव्हापासून.

फेररचनेला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. वाया जाणारी वीज वाचलीच पाहिजे. पण एक स्विच फिरला की काल ज्या बाजूने वीज येत होती, तिच्या उलट बाजूने आज ती येते. कालची माहिती आज प्राणघातक ठरते. म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत. स्विच फिरला त्याच घटकेला नकाशा बदलावा आणि लाइनमनला कळावे. कामाचा तुकडा दोन्ही बाजूंनी तोडावा. आणि तार मृत असल्याची चाचणी करून, दोन्हीकडे अर्थिंग केल्यावाचून कोणी तारेला हात लावू नये.

या चाचणीला आणि अर्थिंगला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ आपल्या घरात अंधार असतो, आणि तक्रारीचे फोन वाजू लागतात. पुढल्या वेळी वीज जाईल तेव्हा फोन जरूर करा. पण खांबाखाली येऊन ‘लवकर आटपा’ म्हणून त्या माणसाला घाई करू नका, एवढी माझी विनंती आहे.